तुमचे प्रश्न: बर्फातल्या गावात रात्री फोन कुणाला करायचा?

प्रश्न: नमस्कार ताई. माझा भाचा नर्सिंग करून कॅनडात गेला, आता त्याला अगदी उत्तरेला नुनावुत म्हणून भाग आहे तिथल्या छोट्या गावात हेल्थ सेंटरमध्ये काम मिळतंय. म्हणतो गावाला रस्ताच नाही, विमानानंच जायचं. रात्री कोणी सीरियस झालं, दारू पिऊन कोणी दार ठोकलं तर हा काय करणार? पोलीस तरी असतात का तिथं? माझी झोप उडालीय. — एक मावशी, वाळपई

उत्तर: मावशी, पोलीस असतात, आणि रस्ता नाही हेही खरंच आहे. नुनावुत 20 लाख चौरस किलोमीटरहून मोठं, आपला गोवा 3,702, म्हणजे पाचशेपेक्षा जास्त गोवे त्यात मावतील, आणि माणसं 2021 च्या जनगणनेत 36,858, म्हणजे म्हापसा शहरात राहतात साधारण तेवढीच. गावं 25. एका गावातून दुसऱ्या गावात गाडीनं जायची सोयच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाज येतं आणि वर्षभराचं सामान उतरवतं, आपण पावसाआधी पुरुमेंत भरतो ना, तसं अख्ख्या गावाचं पुरुमेंत.

पोलीस म्हणजे आरसीएमपी, रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस, केंद्राचं दल. लहान गावात दोन-तीनच जण असतात. उरलेल्या कॅनडात 911 लावतात, शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येसुद्धा ते 2019 ला आलं, पण नुनावुतमध्ये प्रत्येक गावच्या पोलिसांचा वेगळा नंबर, शेवटचे चार आकडे तेवढे सगळीकडे 1111. ऑफिस बंद असताना तो फोन राजधानीत, इकालुइतमध्ये उचलला जातो आणि तिथून गावातल्या ड्युटीवरच्या पोलिसाला झोपेतून उठवतात. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या पोलिसाला बोलवायचं तर आवाज आधी शेकडो किलोमीटर लांब जाऊन परत येतो.

तुमच्या भाच्याचं काम मात्र खरंच जबाबदारीचं. तिथली हेल्थ सेंटर नर्सच चालवतात, डॉक्टर अधूनमधून विमानानं येतो, बाकी वेळ फोनवर. हॉस्पिटल सगळ्या नुनावुतमध्ये एकच, इकालुइतला. त्यापलीकडचं असेल तर पेशंटला ओटावा, विनिपेग नाहीतर यलोनाइफला न्यायचं, कुठला भाग त्यावर. बायकांना बाळंतपणासाठी काही आठवडे आधीच घर सोडून जावं लागतं. आणि ब्लिझर्ड, म्हणजे बर्फाचं वादळ, आलं की विमान उडतच नाही, मग पेशंट आणि नर्स दोघांनी वाट बघायची.

ही वाट बघणं मला थोडंफार माहीत आहे. आमचं माहेरचं घर व्हाळापलीकडे. एका जुलैत साकव वाहून गेला होता आणि त्याच आठवड्यात रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. 108 ची गाडी पलीकडच्या काठाला उभी, तिचा लाइट पावसात फिरताना दिसतोय आणि आम्ही अलीकडे. शेवटी वाड्यावरच्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. पलीकडे एक हवालदार टॉर्च घेऊन उभा होता, त्यानं फक्त विचारलं, ‘बाबा, खंय दुखता?’ आणि तोपर्यंत तोंड मिटून बसलेले वडील बोलायला लागले.

म्हणून मावशी, अंतरापेक्षा मला तिथल्या भाषेची काळजी जास्त वाटते. बहुतेक लोक इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, त्यातले बरेच घरात आपली इनुक्टिटुट भाषा बोलणारे. पोलीस बहुतेक दक्षिणेतून आलेले, इंग्रजी बोलणारे, दोन-तीन वर्षांनी बदलून जाणारे. घाबरलेल्या म्हातारीनं मध्यरात्री फोन करून काय आणि कुणाला सांगायचं?

त्यात जुनी जखम आहे. 1950 ते 70 च्या दशकांत सरकारनं इनुइटांना वस्त्यांमध्ये आणून बसवलं, आणि मोकळी कुत्री ठेवायची नाहीत असे नियम लावले. ज्यांना नियम वाचताच येत नव्हता त्यांची स्लेज, म्हणजे बर्फावरची गाडी, ओढणारी कुत्री पोलिसांनी गोळ्या घालून मारली. कुत्री म्हणजे शिकारीला जायचं साधन, ती गेली की माणूस वस्तीत अडकला. याची चौकशी शेवटी इनुइटांनीच आपला किकिक्तानी ट्रुथ कमिशन नेमून केली, रिपोर्ट 2010 ला आला आणि सरकारनं माफी मागितली ती ऑगस्ट 2019 मध्ये. ज्यांनी लहानपणी आपल्या घरची कुत्री मरताना बघितली ती माणसं आज आजी-आजोबा आहेत, त्यांच्या दारात युनिफॉर्म आला की काय वाटत असेल सांगा.

प्रश्न: मी पेडण्याचा, कॉन्स्टेबल भरतीची तयारी करतोय. तुम्ही मागच्या अंकात लिहिलेलं की दूरच्या गावात तिथलाच पोलीस हवा. मग असे देश गावातल्याच मुलांना का घेत नाहीत?

उत्तर: घेतात, पण वाट अवघड करून ठेवलीय. आरसीएमपीचं ट्रेनिंग रेजायनाला, सहा महिने, घरापासून हजारो किलोमीटर लांब आणि सगळं परक्या भाषेत. गंमत नाही, दुःखच वाटतं, कारण पूर्वी हेच पोलीस इनुइट स्पेशल कॉन्स्टेबलांशिवाय पाऊल टाकू शकत नव्हते. स्लेज हाकायची त्यांनी, बर्फ ओळखायचं त्यांनी, दुभाषा व्हायचं त्यांनी, आणि त्यांच्या बायका पोलिसांचे फरचे कपडे शिवायच्या.

अमेरिकेच्या अलास्कात 1970 च्या दशकाच्या शेवटी वेगळा प्रयोग झाला, व्हिलेज पब्लिक सेफ्टी ऑफिसर. एकच माणूस पोलिसाचं काम करणार, आग विझवणार, हरवलेल्याला शोधणार, फर्स्ट एड देणार. कल्पना मला फार आवडते. पण पगार कमी, राहायला घर नाही, रात्रंदिवस एकट्यावर भार, म्हणून माणसं टिकली नाहीत, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलना अलास्काच्या गावांमधल्या पोलीस व्यवस्थेबद्दल आणीबाणी जाहीर करावी लागली. गावचा माणूस नेमायचा तर त्याला घर आणि रात्रीची सुट्टी द्यायला हवी, हे मी आपल्याकडच्या आउटपोस्टबद्दलसुद्धा म्हणेन.

मावशी, तुमचं एक राहिलं. भाच्याला जाऊ दे. तिथल्या हेल्थ सेंटरमध्ये क्लार्क-इंटरप्रिटर असतात, गावातलेच, कुणाचं घर कुठलं आणि कोण कशाला घाबरतं ते त्यांना माहीत असतं. पहिल्या दिवशी त्यांच्याशी ओळख करायला सांगा, आणि ‘कुठं दुखतंय’ हे इनुक्टिटुटमध्ये कसं विचारायचं ते त्यांच्याकडून शिकून घे म्हणावं.