एगनी म्हणजे नुसतं दुखणं का?

प्रश्न: ताई, मुलगी दहावीला आहे, इंग्लिशच्या धड्यात एगनी शब्द आला, गाइडमध्ये अर्थ दिलाय वेदना आणि पेनचा पण वेदनाच, मग दोन शब्द कशाला असं तिने विचारलं आणि माझी बोलतीच बंद. – एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर: गाइडवाले सगळ्यालाच वेदना लिहून मोकळे होतात हो. पेन म्हणजे कुठलंही दुखणं, दाताचं, गुडघ्याचं, कमी असो नाहीतर जास्त. एगनी म्हणजे माणूस तळमळतो, गडाबडा लोळतो तसलं, मूतखड्याची कळ येऊन गेलेल्याला विचारा. शब्द मुळात ग्रीक, तिकडे त्याचा अर्थ झुंज, स्पर्धेतली असते तशी, म्हणजे जिवाची दुखण्याशी झटापटच झाली की. आपलं यातना त्याच्या बरंच जवळ जातं. पेन मात्र लॅटिनमधल्या शिक्षेच्या शब्दावरून आलाय, पेनल्टी त्याचाच भाऊ.

तिसरा इंग्लिश शब्द एक (ache), म्हणजे हेडएकमधलं, बारीक पण सुटत नाही असं दुखणं. आणि अँग्विश हा जास्त करून मनाचा, त्याचं मूळ अरुंदपणात आहे, आपण जीव घुसमटला म्हणतो ना, अगदी तेच! मला हा शब्द सगळ्यात आवडतो, आवडण्यासारखा नसला तरी.

मुलीला सांगा, ठणका, कळ, चमक, शूळ ह्यांना इंग्लिशमध्ये वेगवेगळे शब्द शोधून दाखव, बघू किती सापडतात. आणि हो, वाचकांच्या घरच्या अडचणींना उत्तरं देणाऱ्या बाईला इंग्लिशमध्ये एगनी आंट म्हणतात, म्हणजे मीच की.