वाचकांचे प्रश्न : घरातलं मांजर गेल्यावर वयस्क मांजर आणताना

प्रश्न : आमची मनी पंधरा वर्षांची होऊन दिवाळीनंतर मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. पुण्यातली नणंद आता मुलाकडे परदेशी निघाली आहे. तिचा नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आम्ही ठेवून घ्यावा असं ती म्हणते. मी सहासष्ट वर्षांची, हे एकाहत्तर. शेजारी म्हणतात, मांजराला माणसापेक्षा घराची माया, आठ दिवसांत निघून जाईल. मनीचा आजार याला लागेल का, ही धास्ती आहे. शिवाय तिच्या जागी दुसरं आणायचं म्हटलं की अपराधी वाटतं.
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : काकू, ठेवून घ्या. तुमच्या घराला पिलापेक्षा हा बोका बरा. पिलू पंधरा वर्षं जगू शकतं, वर्षभर पडद्यांवर चढतं आणि चालताना पायात येतं. नऊ वर्षांच्या बोक्याचा स्वभाव ठरलेला असतो. तो चावरा आहे की शांत, कुणाच्या मांडीवर बसतो, हे नणंदेला विचारलं की कळतं.

मनीचा आजार त्याला लागणार नाही, कारण मूत्रपिंड निकामी होणं हा संसर्ग नाही. तिचा शी-शूचा ट्रे आणि भांडी गरम पाण्यानं, साबणानं धुऊन वापरा. तिची गादी मात्र सध्या कपाटात बंद ठेवा. परक्या मांजराचा वास आला की नवीन बोका बिथरतो आणि त्या वासावर मुततो.

अपराधीपणाबद्दल. मांजरासाठी एवढं काय, असं म्हणणारे भेटतातच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शिवाजी महाराजांचे नातू थोरले शाहू महाराज यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. मुक्या जनावराच्या जाण्याचं दुःख आपल्याकडे नवं नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. किती महिने थांबावं याचा नियम कुणी सांगू शकत नाही. एवढंच तपासा : हा मनीच्या खुर्चीत बसला नाही, तिच्यासारखा दारात वाट बघत उभा राहिला नाही, तर त्याचा राग येईल का? येणार असेल तर नणंदेला निघायला अजून किती अवधी आहे ते विचारून थोडं थांबा. येणार नसेल तर आणा. त्याचं नाव बदलू नका. नऊ वर्षं ऐकलेली तीच एक ओळखीची हाक त्याच्याबरोबर येते.

शेजारी म्हणतात त्यात तथ्य आहे. मांजर जागा वासानं ओळखतं, आणि नव्या जागेला स्वतःचा वास लागेपर्यंत ते जुनी जागा शोधायला बाहेर पडतं. म्हणून निदान चार आठवडे दार-खिडक्या बंद ठेवायच्या. आमचं मत विचाराल तर या वयाच्या मांजराला नंतरही बाहेर सोडू नये. गोडोलीतल्या रस्त्यांवर आता वाहनं कमी नाहीत.

पुण्याहून आणताना पोतं किंवा पिशवी नको. त्यात मांजर गुदमरतं, आणि बाहेर काढताना हात फाडतं. झाकणाचं टणक कॅरिअर निघायच्या पाच-सहा दिवस आधी नणंदेच्या घरात उघडं ठेवायला सांगा, रोजचं खाणं त्यातच द्यायचं. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालेल. कॅरिअरवर टॉवेल टाका, सीटबेल्टनं ते बांधा. खंबाटकी घाटात गाडी तुंबली आणि आतून ओरडणं वाढलं तरी झाकण उघडू नका. मांजरं निसटतात ती बहुतेक अशाच वेळी.

घरात आल्यावर पहिला आठवडा एकच खोली द्या. कपाटामागची फट, माळा, पलंगाखालचा कोपरा, जिथं तुमचा हात पोचत नाही ते सगळं आधी बंद करा. लपायला आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका द्या. ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी समोरच्या कोपऱ्यात. शेजारी शेजारी ठेवलं तर मांजर दोन्हीपैकी एक सोडतं. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट हवी, आणि आत जायची कड आठ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. या वयात सांधे दुखायला लागलेले असू शकतात. उंच कड ओलांडताना दुखलं की बोका ट्रेबाहेर जातो, आणि घरचे समजतात की त्याला वळण नाही. प्लॅस्टिकच्या मोठ्या टबाची एक बाजू कापून घासून घेतली तरी काम भागतं. लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) नणंद वापरते तेच, पाच-सात सेंटिमीटर जाडीचं. त्याच्या जुन्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर डबीत आणून वरून टाका. न धुतलेली त्याची चादरही आणा. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत लिटर ओलसर राहतं, तेव्हा पूर्ण ट्रे लवकर बदलावा लागतो. एरवी दिवसातून दोनदा चाळलं की पुरे.

खाणं पहिले दोन आठवडे जुनंच ठेवा. बदलायचं असेल तर नंतर सात ते दहा दिवसांत : चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक कोरड्या खाण्याचे ५० ते ५५ ग्रॅम. पाकिटावरचा आकडा बघून काट्यावर मोजा, वाटीनं अंदाज चुकतो. दूध-भातावर किंवा नुसत्या मासळीवर ठेवू नका. मांजराला टॉरिन हा मांसातला पोषक घटक लागतो. दूध-भातातून तो पुरेसा मिळत नाही, आणि न मिळाल्यास हृदय आणि डोळे बिघडतात.

तपासण्या नणंद निघण्याआधी, पुण्यातच, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घ्या, आणि लसीचं कार्ड व जुने रिपोर्ट मागून घ्या. वजन, दात, रक्तातली साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक), थायरॉइडचं टी-फोर, रक्तदाब आणि लघवीची घनता, एवढं हवं. एकटं क्रिएटिनिन बघून समाधान मानू नका. मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेल्यावरच ते वाढतं. लघवीची घनता १.०३५ च्या खाली येऊ लागणं ही त्याआधीची खूण, आणि एसडीएमए ही रक्ततपासणीही बदल आधी दाखवते. मनीच्या वेळी उशिरा कळलं असेल, तर तो तुमचा निष्काळजीपणा नव्हता. हा आजार असाच बराच काळ लपून राहतो. पुढे मोठी तपासणी लागली तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

घरी मात्र महिन्यातून एकदा वजन करा, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चार किलोच्या बोक्याचे २०० ग्रॅम घटले, तर साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटल्यासारखं आहे. हातानं उचलून ते कळत नाही. भरपूर खाऊनही वजन घटतंय आणि रात्री ओरडणं वाढलंय, तर थायरॉइड किंवा रक्तदाब बघायला सांगा.

आणि तुमच्यानंतर बोका कुणाकडे जाईल हे आताच त्या माणसाला विचारून, त्याचा होकार घेऊन, लसीच्या कार्डात लिहून ठेवा.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी आमचा दोन वर्षांचा बोका उलट्या-जुलाबांनी चार दिवसांत गेला. डॉक्टरांनी पॅनल्युकोपेनिया सांगितला. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एक सात-आठ वर्षांची मांजरी आहे, समोरच्या ताई तिला खायला घालतात. तिला घरात घ्यायची इच्छा आहे. किती थांबावं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नुसतं थांबून उपयोग नाही. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि नेहमीच्या फिनेलनं भरवशानं मरत नाही. उलट फिनेल मांजराला विषारी आहे, ते यापुढे घरात नकोच.

आधी फरशी साबणानं घासून धुवा, कारण मळ राहिला तर ब्लीच त्या मळावरच खर्ची पडतं. मग एक लिटर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच, त्याच दिवशी कालवलेलं. फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे; पुसून लगेच वाळली तर विषाणू तसाच राहतो. नंतर साध्या पाण्यानं दोनदा पुसा. खिडक्या उघड्या ठेवा आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. जुनी गादी, खाजवायची दोरी गुंडाळलेला खांब, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या वस्तू ब्लीचनं साफ होत नाहीत. त्या टाकून द्या. त्या वस्तूंत जीव अडकलेला असतो हे आम्ही जाणतो. पट्टा किंवा घंटा धुऊन आठवण म्हणून बंद डबीत ठेवा, नव्या मांजरीला घालू नका.

खरं संरक्षण लसीचं. तिचा इतिहास माहीत नाही, म्हणून तिहेरी लशीचे (तीन आजारांवरची, त्यात पॅनल्युकोपेनियाही) दोन डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, शिवाय रेबीजची लस. दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे थांबून घरात घ्या. म्हणजे दीड महिना धरून चाला. तोवर त्या ताईंकडे एखादी खोली मिळाली तर उत्तम. पहिल्या भेटीतच नसबंदी झाली आहे का, पोटात पिल्लं आहेत का आणि एफआयव्ही (प्रतिकारशक्ती घटवणारा मांजरांतला विषाणू) व मांजरांतल्या ल्युकेमिया विषाणूची किट-तपासणी, हे उरकून घ्या. एफआयव्ही निघाला म्हणून तिला सोडून देऊ नका. एकटी, घरात राहणारी मांजर त्यासकट वर्षानुवर्षं चांगली जगते.

पकडायला तिच्यावर झडप घालू नका. कॅरिअरमध्ये खाणं ठेवून चार-पाच दिवस सवय लावा. चावली किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावू नका.

प्रश्न : आमचा टिपू गेल्यावर दहा वर्षांची मांजरी आणली. दोन दिवस झाले, पलंगाखालून हलत नाही, काही खात नाही. दूध ठेवलं, मासे ठेवले. भरवावं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : हे वाचण्याआधीच तुम्ही डॉक्टरांकडे गेला असाल अशी आशा आहे. टपालानं विचारण्याइतका वेळ या बाबतीत नसतो, म्हणून इतर वाचकांसाठीही लिहितो. मोठं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन, ४८ तास झाले तर दवाखाना. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृत बंद पडू लागतं. लठ्ठ मांजराला धोका जास्त. कानाची आतली कातडी किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर तासाचाही उशीर नको.

सिरिंजनं जबरदस्तीनं भरवू नका. घास श्वासनलिकेत जातो, आणि त्या खाण्याची शिसारी कायमची बसते. डॉक्टर मळमळ थांबवणारं आणि भूक आणणारं औषध देतात. दात दुखतात का हेही बघायला सांगा. दहा वर्षांच्या मांजरीत ते फार आढळतं. घरी ओलं खाणं किंवा मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेलं चिकन कोमट करून दोन चमचे पलंगाजवळ ठेवा, दिवा मालवा आणि खोलीबाहेर जा. दूध नको, जुलाब होतील. आणि ट्रे बघा. २४ तासांत लघवीच नसेल तर तेही तातडीचंच.

प्रश्न : सून गरोदर आहे. आठ वर्षांची मांजर दत्तक घ्यायचं ठरलं होतं, आता सगळे नको म्हणतात.
— एक वाचक, मिरज

उत्तर : भीती टोक्सोप्लाझ्माची आहे, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या जंतूची. मांजर हे जंतू बहुधा पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच शीतून टाकतं, आणि ते संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून ट्रे रोज साफ व्हायला हवा, आणि तो सासऱ्यांनी किंवा मुलानं करायचा, सुनेनं नाही. मांजरीला कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही. सुनेनं अर्धवट शिजलेलं मटण टाळावं, भाज्या नीट धुवाव्यात, कुंड्यांची माती उकरू नये. त्या वाटेनं धोका अधिक असतो. तिच्या डॉक्टरांना रक्ततपासणीबद्दल विचारा. तरीही घरात एकमत नसेल तर बाळंतपण होईपर्यंत थांबा. घरच्यांच्या मनात भीती असताना आणलेलं मांजर पुन्हा बाहेर जातं, आणि या वयात दोनदा घर बदलणं त्याला झेपत नाही.

प्रश्न : गेलेल्या मांजराची औषधं, सलाईन, महागडं किडनीचं खाणं उरलं आहे. नव्या अकरा वर्षांच्या मांजराला वापरू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : रक्तदाबाच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या नाही. उघडलेली सलाईन फेकून द्या. किडनीच्या खाण्यात प्रथिनं आणि फॉस्फरस कमी असतं. निरोगी म्हाताऱ्या मांजराचं त्यावर स्नायू झडतात, म्हणून रिपोर्ट आल्याशिवाय नको. न उघडलेली पाकिटं तारीख बघून तुमच्या डॉक्टरांकडे द्या, ती गरजू मांजराला लागतील. घरातल्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराला मारू शकते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे गोचीड-थेंबही तितकेच घातक. ही दोन्ही त्याच कपाटात असतील तर आजच वेगळी काढा.