वाचकांचे प्रश्न : खाडीचा गाळ आणि त्यात सोडलेले जीव

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये एम.एस्सी. करते. मुंबईजवळच्या खाडीतील गाळ विषारी आहे का, हे पाहण्यासाठी त्यात बारीक कवचधारी प्राणी सोडून किती जगतात ते मोजायचे, असा तिचा प्रकल्प आहे. पारा, शिसे, कॅडमियम यंत्रावर मोजता येत असताना हा खटाटोप कशासाठी? आणि हीच चाचणी गोदावरीच्या गाळावर करता येईल का?
— एक पालक, नाशिकरोड

उत्तर : यंत्र सांगते ते गाळात धातू किती आहे एवढेच, त्यातला किती जिवाच्या अंगाला लागेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. खाडीच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात सल्फाइड हे गंधकाचे संयुग भरपूर असते. कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त यांसारखे धातू त्याला घट्ट बांधले जातात आणि पृथक्करणात आकडा मोठा दिसला तरी गाळातल्या प्राण्यांना त्याची फारशी बाधा होत नाही. याउलट, ज्या रसायनाची तपासणी कोणी सांगितलीच नव्हती, ते अहवालात येतच नाही. प्राण्याला मात्र ते भोवते. म्हणूनच 1980 च्या दशकापासून रासायनिक पृथक्करण, विषारीपणाची चाचणी आणि त्या ठिकाणी प्रत्यक्ष राहणाऱ्या तळजीवांची पाहणी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची पद्धत रूढ झाली.

चाचणीसाठी बहुधा ॲम्फिपॉड वापरतात. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, काही मिलिमीटर लांबीचे हे प्राणी गाळातच बीळ करून राहतात, त्यामुळे विषाशी त्यांचा संबंध थेट येतो. अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत एक लिटरच्या काचेच्या बरणीत सुमारे दोन सेंटिमीटर गाळाचा थर देऊन वर खारे पाणी ओततात, ते रात्रभर निवळू देतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक बरणीत 20 प्राणी सोडतात. निरोगी प्राणी थोड्याच वेळात गाळात शिरतात. जे पृष्ठभागावर तडफडत राहतात, त्यांची वेगळी नोंद ठेवतात. पुढे दहा दिवस खाद्य न देता, हवेचे बुडबुडे मंद सोडून बरण्या तशाच ठेवतात. दहाव्या दिवशी गाळ बारीक चाळणीतून धुऊन जिवंत प्राणी मोजतात आणि जे सापडत नाहीत ते मेले असेच धरतात, कारण इतके लहान शरीर गाळात लवकर कुजून जाते.

या सगळ्याचा भरवसा काही वेगळ्या बरण्यांवर असतो. स्वच्छ गाळाच्या बरण्यांत सरासरी 90 टक्के प्राणी जगले नाहीत, तर बाकीचे आकडे कितीही आकर्षक असले तरी ती चाचणी बाद करावी लागते. शिवाय मृत्यूचे कारण नेहमी प्रदूषणच असते असे नाही. वाळूत राहणारी एक जात अतिशय बारीक चिखलात, तो स्वच्छ असला तरी, मरू शकते. आणि मुंबईच्या खाड्यांचा गाळ बारीकच आहे. गाळात कुजण्यामुळे साचलेला अमोनियाही प्राणी मारतो, म्हणून तो मोजल्याशिवाय कारखान्यांवर बोट ठेवू नये. मुलीला माझा सल्ला असा की, परदेशी जातीच्या मागे न लागता आपल्या किनाऱ्यावरची जात निवडावी आणि तिला कोणत्या पोताचा गाळ मानवतो, ते आधी तपासावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. द्राक्षबागेची माती परीक्षणाला देताना आपण ती सावलीत वाळवतो, पण हा गाळ वाळवायचा नाही. हवा लागली की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन बांधलेले धातू सुटतात आणि मूळचा गाळ उरतच नाही. नमुना काठोकाठ भरून, अंधारात 4 अंश सेल्सिअसला ठेवावा, गोठवू नये आणि शक्य तितक्या लवकर वापरावा.

आता गोदावरी. तिचे पाणी गोडे असल्याने समुद्री प्राणी त्यात टिकणार नाहीत, परंतु पद्धत तीच ठेवून कायरोनोमस या माशीच्या लाल अळ्या वापरता येतात. त्या तळाच्या चिखलातच वाढतात, हिमोग्लोबिनमुळे कमी प्राणवायूतही तग धरतात आणि जगण्याबरोबर त्यांची वाढही मोजता येते. मात्र चाचणीच्या काळात त्यांना खाद्य द्यावे लागते. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे गाळ साचतो. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असल्यामुळे तेथून नमुना घेण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. तुलनेसाठी गंगापूर धरणाच्या वरच्या बाजूचा गाळ घेता येईल, पण त्याचे पोत जुळते का ते पाहूनच.

प्रश्न : दुकानात मिळणारी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी प्राण्याची) अंडी उबवून हीच चाचणी स्वस्तात होईल का?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : गाळासाठी नाही. आर्टेमिया पाण्यात पोहतो, तळात राहत नाही. शिवाय तो बराच चिवट आहे. गाळ खाऱ्या पाण्यात ढवळून, निवळलेल्या पाण्याची प्राथमिक चाचणी करायला तो चालेल, पण त्यात तो मेला नाही म्हणून गाळ निर्धोक आहे, असे लिहू नका.