रॅम मागण्याआधी क्वेरी बघ, भावा

भावा, सर्व्हर स्लो झाला की लगेच रॅमची मागणी करू नकोस. गळीत हंगामात ऊसबिलं काढायची वेळ आली की आपल्याकडच्या कारखान्यांत हीच बोंब असते, आणि बहुतेक वेळा दोष निघतो दोन-चार क्वेरींचा, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमांचा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंदवही, चालू कर. त्याची मर्यादा मुळात १० सेकंद असते, त्याहून जास्त वेळ घेणारी क्वेरीच त्यात येते. ती १ वर आण, नाहीतर हाती काही लागायचं नाही.

सापडलेल्या क्वेरीला एक्सप्लेन लाव, ते क्वेरी कशी चालणार हे दाखवतं. अख्खं टेबल वाचलं जातंय का, एवढंच आधी बघ. तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असला तरी वेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, त्या कॉलमला इयर फंक्शन (तारखेतून वर्ष काढणारं) लावलंस की तो बाद. १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आतली, अशी रेंज दे. गावकोड आणि तारीख असा जोड इंडेक्स नुसत्या तारखेच्या शोधाला सहसा कामाचा नसतो, कारण तो डावीकडून लागतो, म्हणजे आधी गावकोड हवा. पण म्हणून दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स ठोकत सुटू नकोस! वजनकाट्यावर गाड्यांची रांग असताना प्रत्येक इन्सर्टला (नव्या नोंदीला) ते सगळे अपडेट होतात.

एवढं झाल्यावर मेमरी. मायएसक्यूएलचा इनोडीबी बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये ठेवायची जागा, मुळात फक्त १२८ एमबी; सर्व्हर निव्वळ डेटाबेसचा असेल तर रॅमच्या ५० ते ७५ टक्के दे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला तशीच जागा, शेअर्ड बफर्स, रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरू कर. आणि तिथलं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं, तेव्हा डिलीटवर लावायचं तर आधी बिगिन, मग रोलबॅक, म्हणजे केलेला बदल मागे घेता येतो.