विचारा डॉक्टरांना : कॅन्सर गेला, आता लस घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ५८. गेल्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, सहा केमो झाल्या. शेवटची पाच आठवड्यांपूर्वी. आता स्कॅनमध्ये काही दिसत नाही, रक्तातलं सीए-१२५ (या कॅन्सरची खूण सांगणारी तपासणी) अकरावर आलंय. न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, तिकडे बऱ्या झालेल्या बायकांवर लसीची चाचणी करतात, मावशी तू ये. जाऊबाई म्हणतात, एवढ्या लांब कशाला, पुण्याच्या सीरमची लस आहे की. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी जाऊबाईंचं. सीरमची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही विषाणूची लस. ती गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून देतात, अंडाशयाशी तिचा संबंध नाही. घरात नऊ ते चौदा वर्षांची नात असेल तर तिच्यासाठी मात्र जाऊबाईंचा सल्ला सोळा आणे खरा.

भाच्याची लस वेगळी. तुमच्या या अवस्थेला आम्ही रेमिशन म्हणतो. म्हणजे आजार दिसत नाही, इतकंच. तुमच्याकडच्या शेतातली हरळी आठवा, कितीही खणा, एखादी कांडी राहतेच. तिसऱ्या स्टेजमध्ये बहुतेक बायकांना हा आजार पुन्हा गाठतो. गाठी मोठ्या असतात तेव्हा त्या आपल्याच शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना गुंगवून ठेवतात. म्हणून लस द्यायची तर आत्ता, उरलेल्या पेशी थोड्या असताना, असा हिशेब. त्याला आधारही होता. २००३ साली फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी १८६ जणींच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे त्याच लढणाऱ्या पेशी, शिरलेल्या होत्या, त्यांतल्या ३८ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्यात नव्हत्या, त्यांतल्या साडेचार टक्के. हा आकडा वाचला त्या रात्री मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगितला होता. तो ‘बरं’ म्हणून कुशीवर वळला.

मग अबागोव्होमॅब आलं. सीए-१२५ या कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्ध शरीराला चेतवणारं इंजेक्शन. पहिल्याच रेमिशनमधल्या, म्हणजे थेट तुमच्यासारख्या, ८८८ बायका चाचणीत घेतल्या. दोघींना औषध, तिसरीला औषध नसलेलं इंजेक्शन, आणि कोणाला काय मिळतंय ते कोणालाच माहीत नाही. रक्तात अँटीबॉडी भरपूर तयार झाल्या. २०१३ मध्ये निकाल छापून आला : निम्म्या औषधवाल्यांत आजार परतायला ४०३ दिवस लागले, बाकीच्यांतल्या निम्म्यांत ४०२. एका दिवसाचा फरक! रक्तातल्या नुसत्या अँटीबॉडीने भागत नाही, हे या चाचणीने आम्हाला फार महागात शिकवलं. टी-पेशी गाठीत शिरून मारू शकल्या पाहिजेत, असं आता वाटतं.

पुढे पेशंटच्या स्वतःच्याच गाठीपासून लस करून पाहिली. ९१ जणींच्या चाचणीत लस घेतलेल्यांना आजार परतायला साडेअकरा महिने लागले, लस नसलेल्यांना ८.४. योगायोगानेही पडावा एवढाच हा फरक. बीआरसीए जनुक (ज्यात दोष असला तर अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो) चांगलं असलेल्यांत तो जास्त दिसला, पण मुळात चाचणीच लहान. शिवाय त्या लसीसाठी गाठ ऑपरेशनच्या वेळीच ताजी जपून ठेवावी लागते. तुमची आता पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात असणार.

तेव्हा भाच्याकडून चाचणीचा नोंदणी क्रमांक मागवा, प्रवेशाच्या अटी वाचा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. लस न मिळणाऱ्या गटात तुम्ही जाऊ शकता, आणि बहुधा दर महिन्याला तिकडे हजर राहावं लागेल, हेही ध्यानात घ्या. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडतात. त्यात चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. चाचणीतल्या लसीचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात. एका बाईंनी मला लसीचं काही लाखांचं ‘पॅकेज’ दाखवलं होतं, वर दिवाळीची सवलत. मी तो कागद ठेवून घेतला, त्यांना परत दिलाच नाही.

पण तुमचं पत्र वाचून मला लसीपेक्षा दुसरीच काळजी वाटली. त्यात बीआरसीए तपासणीचं नाव नाही. झालीच नसेल तर उद्याच विचारा. जनुकात दोष निघाला तर ओलापॅरिब नावाच्या गोळ्या आहेत. केमोला दाद दिलेल्या अशा ३९१ बायकांच्या चाचणीत, गोळ्या घेणाऱ्यांतल्या ४८ टक्के पाच वर्षांनीही आजार न परतता होत्या, न घेणाऱ्यांतल्या २१ टक्के. त्या चाचणीत गोळ्या केमो संपल्यावर आठ आठवड्यांच्या आत सुरू केल्या होत्या. तुमचे पाच गेले. रिपोर्ट यायलाही दोन-तीन आठवडे लागतात. रक्तावर होते ही तपासणी, मिरजेहूनही नमुना पाठवता येतो.

आणि तुम्हाला मुली किंवा बहिणी आहेत का, ते कळवा. दोष निघाला तर त्यांनाही तपासावं लागेल.