टेरी फॉक्स रनला निघण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबरातल्या टेरी फॉक्स रनला, म्हणजे कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवणाऱ्या त्या दौडीला, नाव दिलंस हे वाचून फार आनंद झाला. चालण्याची चिंता करू नकोस. तिथे कुणी वेळ मोजत नाही, नंबर काढत नाही. कुणी धावतं, कुणी चालतं, कुणी व्हीलचेअरवर येतं. फक्त नवे बूट त्याच दिवशी घालू नकोस, आधी पायात रुळू देत.

अवघड आहे ते पैसे मागणं. कुणापुढे हात पसरू नये, हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हे तू स्वतःसाठी मागत नाहीयेस. १९७७मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे, ज्याच्या नावाने ही दौड आहे त्या टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. वाचण्याची शक्यता ५० टक्के आहे, असं त्याला सांगण्यात आलं. दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. हा फरक संशोधनाने पडला होता. ते त्याच्या मनात पक्कं बसलं आणि १९८०च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर! वाटेत थंडर बे शहराजवळ थांबावं लागलं, कारण कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

म्हणून ग्रुपवर नुसता 'प्लीज डोनेट' टाकू नकोस, तो सगळे वाचून पुढे जातात. एकेकाला नावानिशी लिही आणि ते १५ आणि ५० टक्के त्यात घाल. पाच डॉलर देणाऱ्याचेही तितक्याच मनापासून आभार मान. टेरीने माणशी एकच डॉलर मागितला होता, आणि पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने त्याला दहा हजारांवर डॉलर जमवून दिले. पैसे तुझ्या खात्यात नकोत, थेट टेरी फॉक्स फाउंडेशनच्या लिंकवर भरू देत. जो नाही म्हणेल त्याला पुन्हा विचारू नकोस; कुणाच्या घरी काय चाललंय, आपल्याला काय ठाऊक.

लाल टी-शर्ट घातलेली माणसं दिसतील. ती स्वतः कॅन्सरमधून गेलेली असतात. त्यांच्याबरोबर चालताना 'कुठला? कितवी स्टेज?' अशी चौकशी नको. आपण काळजीपोटी विचारतो, पण त्यांना तेच सगळं पुन्हा उगाळावं लागतं. त्यांनी विषय काढला तर मात्र मध्ये न बोलता ऐक.

एकूण किती जमले ते त्याच संध्याकाळी प्रत्येक देणाऱ्याला कळव. मलाही. लिंक आजच पाठव, माझ्यापासूनच सुरुवात कर.

तुझा,
काका