डी ड्राइव्हवर कॉपी केलं, झाला ना बॅकअप?

प्रश्न : नमस्कार सर, घरी आठ वर्षं जुना डेस्कटॉप आहे. त्यात मुलीचे लहानपणापासूनचे फोटो, भावाच्या लग्नाचा व्हिडिओ आणि वडिलांच्या आठवणींची श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेली साठेक पानं आहेत. फोन भरला की फोटो कॉम्प्युटरवर टाकते आणि फोनमधनं उडवते. सगळं सीवरनं डी ड्राइव्हवरही कॉपी केलंय. भाऊ म्हणतो हा बॅकअपच नाही. खरंय का? की क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घेऊ? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, भावाचं बरोबर आहे हो. सी आणि डी दिसायला दोन, पण घरच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये आत डिस्क एकच असते, एकाच कपाटाचे दोन कप्पे म्हणा ना, कपाटच जळालं तर दोन्ही गेले. डीचा फायदा एवढाच की विंडोज परत टाकताना सी फॉरमॅट झाली तरी डी वाचते (टाकणारा नीट असला तर!). आणि फोनमधनं फोटो उडवता ना, म्हंजे त्या क्षणापासून मुलीचे फोटो जगात फक्त त्या आठ वर्षं जुन्या डिस्कवर आहेत.

एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, १ टीबीची घरच्या फोटोंना बहुतेक पुरते. महिन्याला एकदा लावायची, कॉपी करायची, सेफली रिमूव्ह करून काढायची आणि कपाटात. कायम लावून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर जोडलेली डिस्कही लॉक करतो आणि पावसाळ्यात वीज कडाडली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. माझी स्वतःची डिस्क चालू असताना टेबलावरनं पडली होती, नंतर लावली की नुसतं टिक् टिक् टिक्. तसा आवाज आला तर परत परत लावून बघू नका, मी तेच केलं आणि होतं नव्हतं ते घालवलं. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना "फाइल खूप मोठी आहे" असं आलं तर डिस्क फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) आहे, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, रिकामी असतानाच एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या.

क्लाउड चांगलाच, पण गूगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून असतात, फोटोंनीच भरतील. शिवाय सिंक (दोन्हीकडचं आपोआप एकसारखं ठेवणं) म्हंजे बॅकअप नव्हे, कॉम्प्युटरवरनं चुकून डिलीट केलं की तिकडूनही जातं, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतं, मग संपलं. म्हणून डिस्क आधी, क्लाउड नंतर.

कॉपी झाली की दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर लावून चार-पाच फाइली उघडून बघा, नुसती नावं बघून खूश होऊ नका.

आता वडिलांची पानं, माझा जीव खरा त्यातच अडकलाय. श्रीलिपीतला मजकूर युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसला तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं गिचमीड दिसतं, म्हंजे फाइल शाबूत राहिली तरी मजकूर गेलाच की. तेव्हा फॉन्टच्या फाइलीही डिस्कवर घ्या, सवडीनं कन्व्हर्टरनं युनिकोड करा (जोडाक्षरं मात्र डोळ्याखालून घाला), आणि आजच्या आज पीडीएफ करा. ती फोनवर उघडून बघा, नीट दिसली तर भावालाच पाठवून द्या, एवढं बोलतोय तर एक कॉपी त्याच्याकडेही राहू दे.